गोधडी आणि तिचा हत्ती

मी मुंबईतून, लालबागमधून बोलते आहे. इथल्या बचत गटांची मी समन्वयक. म्हणजे बँकेच्या फेऱ्या, हिशेबाच्या वह्या, महिन्याच्या बैठका आणि मधूनमधून रुसवेफुगवे काढणं, हे माझं काम. तुमच्या गावात तुमच्या ताई करतात तेच. फक्त तुमच्याकडे अंगण असतं आणि आमच्याकडे चाळीची गॅलरी.

आज ज्या कामाबद्दल सांगायचं आहे ते दिसायला छोटं आहे. लहान मुलाच्या मापाची एक गोधडी शिवायची, तिच्याच कापडातून एक मऊ खेळणं शिवायचं, आणि ही जोडी आजारी किंवा घरापासून लांब राहणाऱ्या मुलाला द्यायची. गोधडी शिवणं तुम्हाला मी काय शिकवणार! तुमच्यापैकी कितीतरी जणी डोळे मिटून धावदोरा घालत असतील. पण आपल्या नातवंडासाठी शिवणं आणि दवाखान्यातल्या अनोळखी मुलासाठी शिवणं, यात फरक आहे. तो कुठे आहे, ते सांगते.

आधी आमचा भाग कसा आहे ते सांगते, म्हणजे हे काम आमच्याकडे का आलं ते कळेल. लालबागहून परळ चालत जाण्याच्या अंतरावर. परळमध्ये केईएम रुग्णालय 1926 सालचं, वाडियांचं मुलांचं रुग्णालय 1929 सालचं, आणि कॅन्सरसाठीचं टाटा रुग्णालय 1941 सालचं. तिन्ही एकमेकांच्या शेजारी. महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्ह्यातून माणसं इथे येतात, बिहार-बंगालहून येतात. तुमच्या गावातून कुणी ना कुणी इथे येऊन गेलेलं असणार. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरचे उपचार दोन-तीन वर्षंसुद्धा चालतात. त्यातले पहिले काही महिने तर घरी जाताच येत नाही. आई मुलाला घेऊन इथेच राहते, बाप कामधंद्यासाठी गावी आणि मुंबईत येऊन-जाऊन.

राहायचं कुठे, हा या माणसांचा पहिला प्रश्न. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे कितीतरी कुटुंबं उतरतात. सेंट ज्यूड नावाची संस्था 2006 पासून कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना मोफत राहायला जागा देते. तरीही परळच्या फुटपाथवर प्लास्टिक अंथरून बसलेली कुटुंबं तुम्हाला दिसतील. आणि गंमत बघा, ज्या गाडगेबाबांच्या नावाने ती धर्मशाळा उभी आहे, त्यांना लोक एके काळी गोधडेबुवा म्हणत. अंगावर चिंध्या जोडून केलेलं वस्त्र असायचं म्हणून. आमच्या गटात हे सांगितलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे गोधडीचा आणि धर्मशाळेचा संबंध आपण नव्याने जोडत नाही आहोत."

आमचा गट मुळात पिशव्या, उशांचे अभ्रे, परकर-पोलकी शिवतो. शिवणकामात कटपीस उरतात. दादरच्या हिंदमाता बाजारातले ओळखीचे दुकानदार आणि ड्रेस शिवणारे शिंपीसुद्धा उरलेलं नवं कापड स्वस्तात देतात. त्या कापडाचं काय करायचं यावरून बोलणं निघालं आणि दुपटी, छोट्या गोधड्या कराव्यात असं ठरलं. कुणाला द्यायच्या, तर समोरच एवढी मुलं आहेत. पण आम्ही सुईत दोरा ओवण्याआधी विचारायला गेलो. माझी ही एक सवय आहे, आणि तुम्हालाही सांगते, ती लावून घ्या. देणाऱ्याला द्यावंसं वाटतं ते घेणाऱ्याला चालेलच असं नसतं.

एका रुग्णालयाच्या मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टरांशी बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न केला, "ताई, कापड जुनं की नवं?"

मी म्हटलं, "वरचं नवं, आतला थर जुन्या सुती साड्यांचा. मऊ पडतो ना."

"मग नाही घेता येणार."

बैठकीत हे सांगितल्यावर जो गलका झाला तो काय सांगू! आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर सभासद सातारकडच्या. त्यांना आम्ही सगळ्या आजीच म्हणतो. गोधडीत त्यांचा हात धरणारं कुणी नाही. कडेने टाका सुरू करतात आणि चौकोनात चौकोन घालत आत आत जातात, मध्ये पोचेपर्यंत एक ओळ वाकडी नाही. त्या गप्पच बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या आईच्या लुगड्याच्या वाकळेत मी वाढले. माझी पोरं वाढली. ते लुगडं आता घाण झालं का?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न साधा नाही. गोधडी म्हणजेच जुनं कापड. नवं कापड आणून गोधडी शिवायची, हे आपल्या आयांना उधळेपणा वाटला असता. फाटलेलं लुगडं, विरलेलं धोतर, धाकट्याचा आखूड झालेला सदरा, हे सगळं एकावर एक घालून शिवलं की ती ऊब आपल्याच माणसांची असते. बाळंतिणीच्या बाळाला पहिलं दुपटं आजीच्या लुगड्याचं घालतात ते काही पैसे वाचवायला नव्हे. शंभर वेळा धुतलेलं सुती कापड नव्यापेक्षा मऊच असतं. त्यात शहाणपण आहे.

पण सिस्टरांचं म्हणणंही मी नीट विचारून घेतलं होतं. कॅन्सरची औषधं चालू असताना मुलाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूप कमी होतात. या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. ते कमी झाले की जे जंतू तुम्हा-आम्हाला काही करत नाहीत, तेच त्या मुलाला तापाने लोळवू शकतात. पेटीत, माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेल्या कापडात बुरशी असते, डोळ्यांना न दिसणारी धूळ असते. कुणाच्या घरून आलंय, ते कापड काय काय पाहून आलंय, हे वॉर्डाला माहीत नसतं. तुमच्या घरच्या लुगड्याचा इतिहास तुम्हाला पाठ असतो, सिस्टरांना नसतो. त्यांनी आमच्या आजींच्या लुगड्याला घाण म्हटलं नव्हतं. त्या त्यांच्या राखणदाराचं काम करत होत्या.

हे आजींना पटायला दोन बैठका गेल्या. पटल्यावर त्यांनीच तोडगा काढला, तो पुढे सांगते.

तर आमचा नियम ठरला. वॉर्डात जाणाऱ्या जोडीचं सगळं कापड नवं आणि सुती. आणल्यावर पहिलं काम म्हणजे ते गरम पाण्यात धुणं. यात दोन गोष्टी साधतात. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, ते आधीच आटून घेतं. नाहीतर शिवलेली गोधडी धुतल्यावर वरचा थर एकीकडे ओढतो आणि अस्तर दुसरीकडे. आणि रंग जातो का तेही कळतं. ओल्या कापडावर पांढरा रुमाल दाबून बघायचा. रुमालाला रंग लागला तर ते कापड मुलांसाठी नाही, त्याची पिशवी शिवा. लहान मूल गोधडीचा कोपरा तोंडात घालणारच.

माप आम्ही 36 इंच रुंद आणि 45 इंच लांब धरलं आहे. दोन ते आठ-नऊ वर्षांच्या मुलाला अंगावर घ्यायला पुरतं, आणि घडी केली की आईच्या पिशवीत मावतं. हे पिशवीत मावणं महत्त्वाचं बरं का. ही माणसं सारखी हलत असतात. वॉर्डातून धर्मशाळेत, धर्मशाळेतून तपासणीला, मग गावी, पुन्हा मुंबईला. जड गोधडी तिसऱ्या फेरीला मागे राहते. शिवाय मुंबईत थंडी ती कितीशी? पण वॉर्डात एसी असतो, आणि औषधांमुळे मुलाला हुडहुडी भरते. म्हणून जाड नको, पण मधला थर हवा. आम्ही वर तुकड्यांचं कापड, खाली एकसंध अस्तर आणि मध्ये मऊ फ्लॅनेलचा एकच थर घालतो. कापूस घालत नाही, तो धुतल्यावर गोळा होतो. टाक्यांच्या ओळी दोन बोटांच्या अंतरावर. याहून लांब घातल्या तर वारंवार धुण्यात थर सरकतात. गाठी आतल्या थरात लपवायच्या, वर ठेवायच्या नाहीत. किमो घेणाऱ्या मुलाची कातडी नाजूक होते, तिला गाठ टोचते. त्याच कारणाने जरी नाही, टिकल्या नाहीत, कडक लेस नाही.

रंगांवरून आमच्याकडे अजूनही वाद होतात. काही जणी म्हणतात फिका रंग स्वच्छ दिसतो. माझं मत उलटं आहे. दवाखान्यात भिंत पांढरी, चादर पांढरी, सगळंच फिकं. तिथे एक चौकोन लाल आणि शेजारी हिरवा आला तर मुलाला बोटाने मोजायला तरी काही मिळतं. चौकोन मोजता मोजता सलाईनची बाटली संपते.

आता खेळण्याकडे येते. खेळणं त्याच गोधडीच्या कापडाचं, हे आम्ही मुद्दाम ठरवलं. गोधडी बिछान्यावर राहते. पण मूल इंजेक्शनला जातं, तपासणीला जातं, तिथे गोधडी नेता येत नाही. खिशात, काखेत मावणारा हत्ती नेता येतो. त्या हत्तीच्या कानाचं कापड आणि बिछान्यावरच्या गोधडीचं कापड एकच असलं की मुलाला कळतं, हा माझ्या घरातलाच आहे. आपल्याकडे आजीचा पदर मुठीत धरल्याशिवाय न झोपणारी पोरं प्रत्येक घरात असतात. इंग्लंडचे बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी 1953 साली यावर एक लेख छापला होता. आई नजरेआड झाली की मूल आईच्या जागी एखादं फडकं, एखादं मऊ खेळणं धरतं, आणि त्याच्या आधाराने हळूहळू धीट होतं, असं त्यांनी मांडलं. आपल्या आयांना हे लेख न वाचता माहीत होतं, पण कुणीतरी लिहून ठेवलं ते बरं झालं. दवाखान्यातली फडकी आता गंभीरपणे घेतली जातात.

खेळण्याचा आणखी एक उपयोग सिस्टरांनी सांगितला. मुलाला सुई टोचायच्या आधी त्या हत्तीला खोटी सुई टोचून दाखवतात. हत्तीच्या पायाला पट्टी बांधतात. मूल स्वतः डॉक्टर होतं. भीती जात नाही, पण काय होणार आहे ते आधी कळतं, आणि न कळण्याचीच भीती जास्त असते. म्हणून आमच्या हत्तीचे पाय आम्ही सरळ आणि जाड करतो, पट्टी बांधता येईल असे. तुम्ही ससा करा, मासा करा, बैल करा. पण एक पाय किंवा हात धरता येईल असा ठेवा.

कसं शिवायचं तेही सांगते. खेळण्याची उंची आठ ते दहा इंच. शिवण मशीनवर दोनदा टीप मारून. भरायला नवं फायबर, जे किलोवर मिळतं. जुन्या चिंध्या भरू नका. चिंध्यांचं खेळणं जड होतं, आतून लवकर वाळत नाही आणि वास मारतं. डोळे, नाक, तोंड सगळं दोऱ्याने भरून काढायचं. बटण नाही, मणी नाही, चिकटवलेला प्लास्टिकचा डोळा नाही. तीन वर्षांखालचं मूल सुटलेलं बटण गिळतं आणि ते श्वासनलिकेत अडकतं. मोठ्या मुलाला दिलं म्हणून सूट नाही, त्याच्या शेजारी धाकटं भावंड असतंच. गळ्यात रिबिन, शेपटीला लांब दोरी नको, ती मुलाच्या बोटांना, गळ्याला गुंडाळली जाते. धातूची चेन किंवा हूक तर मुळीच नको, तपासणीच्या मशीनमध्ये धातू चालत नाही.

झालं की ओढून बघायचं. आमच्याकडे हे काम सगळ्यात दणकट हाताच्या सभासदाकडे दिलं आहे. ती कान धरून जोराने खेचते, सोंड खेचते. कान हातात आला तर परत शिवायला. पहिल्या महिन्यात तिच्यावर सगळ्या रागावल्या होत्या. आणि सुया! काम सुरू करताना सुया मोजून द्यायच्या, संपल्यावर मोजून घ्यायच्या, मग खेळण्यावरून आणि गोधडीवरून लोहचुंबक फिरवायचं. एक सुई कमी भरली तर ती सापडेपर्यंत कुणी घरी जात नाही.

मोजून देणं आणि मोजून घेणं यावरून गिरगावची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, ते लिज्जत. तिथे भिजवलेलं पीठ मोजून न्यायचं, लाटलेले पापड मोजून द्यायचे, त्यावर मजुरी. आमच्या गिरणगावात प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये खानावळ चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तिथेही तेच, बायकांच्या कामाचा हिशेब. तोपर्यंत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या या बायकांना कुणी कामगार म्हणत नव्हतं. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि पुढे घरंच्या घरं बायकांच्या डब्यांवर, शिवणकामावर आणि भाजीच्या टोपल्यांवर चालली. आमच्या गटातल्या निम्म्या जणी त्याच घरांतल्या मुली आणि सुना आहेत.

म्हणून जेव्हा एका सभासदाने बैठकीत विचारलं, "आपलं पोट हातावर, आणि हे फुकट शिवायचं? बाईची मेहनत फुकट म्हणून गेली ती काय कमी आहे?" तेव्हा मी तिला गप्प केलं नाही. तिचं बरोबर होतं. एक जोडी हाताने पूर्ण व्हायला आम्हाला पंधरा-सोळा तास लागतात. मशीनवर लवकर होते, पण तरी दिवस जातोच. चार जोड्या म्हणजे एका बाईचा आठवडा. तो आठवडा कोण देणार, हे न ठरवता "पुण्याचं काम आहे" म्हणून सुरू केलं की काय होतं ते मला माहीत आहे. तीन महिन्यांत जिला नाही म्हणता येत नाही तीच शिवत बसते आणि बाकीच्या फोटोला येतात.

आम्ही असं केलं. प्रत्येक सभासदाने महिन्यातून दोन दुपारी द्यायच्या, तेवढंच दान. त्याच्या पुढचे तास वहीत लिहायचे आणि त्याची मजुरी द्यायची, पिशव्यांच्या शिलाईला देतो त्याच दराने. मजुरी आणि फायबरचे पैसे कुठून? कुणी घरच्या वाढदिवसाला किंवा वर्षश्राद्धाला काही द्यायचं म्हणतं, त्यांना आम्ही एका जोडीचा खर्च सांगतो, कापड, फायबर, दोरा आणि मजुरी वेगवेगळी लिहून. मजुरीचा आकडा बघून काही जण म्हणतात, "हे तुम्ही सेवा म्हणून करत नाही का?" त्यांना मी चहा पाजते आणि वही दाखवते. बहुतेक जण देतात. जे देत नाहीत त्यांच्याशी वाद घालत नाही. आणि पैसे नसले तर त्या महिन्यात दोन दुपारींत होतील तेवढ्याच जोड्या. गटाच्या बचतीला, कर्जाच्या हप्त्याला हात लावायचा नाही, हे ठरावात लिहून सह्या घेतल्या आहेत. तुम्हीही तसंच करा.

आमच्याकडे जागेचीही कसरत असते. दहा बाय बाराच्या खोलीत गोधडी पसरायची कुठे? दुपारी दोननंतर, पुरुष माणसं कामावर गेली की, गॅलरीत चटया टाकून बसतो. ज्यांच्या चाळी पाडून टॉवर झाले त्या सोसायटीच्या हॉलची किल्ली मागतात. गणपतीच्या आधी महिनाभर आमच्या लालबागमध्ये श्वास घ्यायला सवड नसते, सजावटीच्या ऑर्डरी असतात, तेव्हा हे काम बंद. पावसाळ्यात गोधड्या शिवतो, पण खेळणी भरत नाही आणि पोचवतही नाही. मुंबईच्या दमट हवेत भरलेलं खेळणं आतून वाळत नाही. दसऱ्यानंतर कडक ऊन पडलं की पुन्हा सगळं धुतो, दोन दिवस उन्हात वाळवतो, इस्त्री करतो आणि स्वच्छ पिशवीत बंद करतो. देताना आईला सांगतो, पिशवी लगेच काढून घ्या, मुलाच्या हातात प्लास्टिक ठेवू नका.

असं काम जगात इतर ठिकाणीही चालतं. अमेरिकेत डेन्व्हर शहरात कॅरन लाउक्स नावाच्या बाईंनी 1995 साली कॅन्सरच्या मुलांना हाताने केलेली पांघरुणं द्यायला सुरुवात केली. एका लहान मुलीला किमो घेताना तिच्या आवडत्या पांघरुणाचा आधार वाटतो, असं त्यांनी वाचलं होतं. त्यातून मोठी संस्था झाली, हजारो बायका त्यात शिवतात. त्यांचाही नियम तोच, नवं हवं, हाताने केलेलं हवं आणि धुता येणारं हवं. मी हे आजींना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हंजी तिकडं बी जुनं चालत न्हाय." जरा बरं वाटलं त्यांना.

आता तुमच्याकडे हे कसं करता येईल? तुमच्या जवळ टाटा रुग्णालय नसेल, पण ग्रामीण रुग्णालय असेल, जिल्हा रुग्णालयात मुलांचा वॉर्ड असेल, कुपोषित मुलांना आईसकट दाखल करून घेतात ते पोषण पुनर्वसन केंद्र असेल. तिथे जाऊन सिस्टर इन-चार्ज किंवा वैद्यकीय अधिकारी यांना भेटा आणि तीन गोष्टी विचारा. काय चालतं, कोणत्या वयाची मुलं असतात, आणि दिलेली वस्तू मूल घरी नेऊ शकतं का. शेवटचा प्रश्न विसरू नका. एका मुलाने वापरलेलं कापडी खेळणं दुसऱ्याला देणं दवाखान्यात योग्य नाही. जोडी एकाच मुलाची, आणि ती त्याच्याबरोबर घरी गेली पाहिजे. म्हणून शंभर देऊ म्हणू नका. दहा द्या, पण दहा मुलांना पुरतील अशा.

नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षासाठी काही शिवून नेऊ नका, तिथे बाहेरचं कापड घेत नाहीत. आणि एक वर्षाखालच्या बाळाची गोष्ट वेगळी आहे, ती घरी पण लक्षात ठेवा. बाळ झोपलेलं असताना पाळण्यात मऊ खेळणं, उशी, जाड गोधडी ठेवायची नाही. तोंडावर आली तर बाळाला ती दूर करता येत नाही, श्वास कोंडतो. पाळण्यात खेळणी टांगायची आपल्याला हौस असते. टांगा, पण बाळाच्या हाताला लागणार नाहीत अशी, आणि झोपताना बिछान्यावर काही नको. एवढ्या लहान बाळांसाठी आम्ही फक्त पातळ दुपटं देतो, हत्ती नाही. आई विचारते तेव्हा सांगतो, वर्ष झालं की हत्ती घेऊन जा.

बालगृहातल्या मुलांना द्यायचं असेल तर अधीक्षकांना आधी पत्र द्या. तिथे सगळ्यांना सारखं मिळालं पाहिजे, वीस मुलं असतील तर वीसच जोड्या, एकोणीस नेऊन एकाला रडवायचं नाही. आणि फोटो काढायचा नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे. गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकायला फोटो हवाच असेल तर गोधड्यांचा काढा. दवाखान्यातही आम्ही हेच पाळतो. आजारी मूल, केस गेलेलं डोकं आणि आपण शेजारी हसत उभ्या, असला फोटो मला बघवत नाही.

बऱ्याच जणी विचारतात, ही खेळणी विकता येतील का. येतील, पण एक लक्षात घ्या. 1 जानेवारी 2021 पासून देशात खेळण्यांचा गुणवत्ता आदेश लागू आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह लागतं, कापडी खेळणीही त्यात आली. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या वस्तूंना त्यातून सूट आहे. म्हणून विक्री करायची असेल तर आधी कारागीर म्हणून ओळखपत्र काढा, मग स्टॉल लावा. त्याची माहिती तुमच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारता येईल. गोधडीला ही अडचण नाही, ती पांघरूण आहे. शहरात हाताच्या गोधडीला चांगली किंमत मिळते, स्वस्तात देऊ नका.

आता आजींचा तोडगा. जुन्या लुगड्यांचं काय, हा प्रश्न राहिलाच होता. आजी म्हणाल्या, "पोराच्या आईला काय पांघरायला देता?" खरंच, आमच्यापैकी कुणाच्याच ते डोक्यात आलं नव्हतं. मुलाला खाट मिळते, आई जमिनीवर किंवा धर्मशाळेच्या सतरंजीवर पडते. महिनोन् महिने. तिला पेशी-बिशीची अडचण नाही, तिला पाठीखाली मऊ हवं आणि अंगावर ओळखीची ऊब. मग आम्ही धर्मशाळेत विचारलं. त्यांनी सांगितलं, धुतलेलं, वाळवलेलं द्या, आणि ते आईनेच वापरायचं, मुलाच्या बिछान्यात जायचं नाही. म्हणून आईची गोधडी आम्ही मोठी शिवतो, सहा फुटांची, जुन्या नऊवारीच्या चार थरांची. मुलाच्या गोधडीशी गल्लत होऊ नये म्हणून तिच्या कडेला काळी पट्टी लावतो.

आजींनी स्वतःच्या आईचं शेवटचं लुगडं त्यात घातलं. हिरवं होतं, काठ तेवढे शाबूत. ती गोधडी बीड जिल्ह्यातून आलेल्या एका आईकडे गेली. तिने घडी उलगडून काठावरून हात फिरवला आणि विचारलं, "कुनाचं हाय ओ हे?" आजींनी आपल्या आईचं नाव सांगितलं. मग दोघी बराच वेळ पाऊसपाण्याबद्दल, ज्वारीबद्दल बोलत बसल्या. मी तोवर वहीत नोंद केली, आईची गोधडी एक, मुलाची जोडी एक, आणि तिथल्या ताईंची सही घेतली.

तुमच्याकडे कुणी असं काम आधीपासून करत असेल तर रेडिओ केंद्रावर कळवा. विशेषतः बैलाचं खेळणं कुणी करत असेल तर त्याचं कागदी कटिंग आम्हाला हवं आहे. आमच्या बैलाची शिंगं अजून उभी राहत नाहीत.